फाइलचे नाव बदलले तरी हिशेब तुटू नये

जुलै महिन्याचे शालेय पोषण आहाराचे पत्रक भरायला घेतले, की पहिला रकाना येतो मागील शिल्लकीचा. तो आकडा मागच्या महिन्याच्या फाइलमध्ये असतो. लोणार तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी किंवा बाई ती फाइल उघडतात, तांदूळ किती उरला ते पाहतात आणि नव्या फाइलमध्ये हाताने टाइप करतात. मग मूगडाळ, मग तूरडाळ, तेल, मीठ, हळद, मोहरी. प्रत्येक वस्तूसाठी तेच आणि प्रत्येक महिन्याला तेच. ८३ किलोचे घाईत ३८ झाले, की पुढच्या सगळ्या महिन्यांचा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो आणि तपासणीच्या वेळी कोठीतला तांदूळ व कागदावरचा तांदूळ जुळत नाही. आकडा चुकतो टाइप करताना, संशय येतो माणसावर. म्हणून ही हातची नक्कल बंद व्हावी असे मला मनापासून वाटते.

ज्यांना एक्सेल थोडेफार येते ते दोन फाइलींमध्ये लिंक करतात. जुलैच्या फाइलमध्ये बरोबरचे चिन्ह टाकायचे, जूनच्या फाइलमधल्या सेलवर क्लिक करायचे, एंटर दाबायचे. जुलैपुरते काम होते. पुढच्या महिन्यात हीच फाइल कॉपी करून तिला ऑगस्टचे नाव दिले जाते आणि खरी अडचण तिथे सुरू होते. कॉपी झालेला फॉर्म्युला अजूनही जूनच्याच फाइलकडे बोट दाखवत असतो. एक्सेल कुठलीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे ठीक आहे : जूनची फाइल जागेवर आहे, आकडाही मिळतो आहे. पत्रकात मात्र जुलैअखेरच्या शिल्लकीऐवजी जूनअखेरची शिल्लक बसलेली असते. उघड दिसणारी चूक लगेच दुरुस्त होते, ही दिसतच नाही.

दर महिन्याला नाव बदलणाऱ्या फाइलीतून बरोबर आकडा कसा आणायचा, हा या लेखाचा विषय. उदाहरण पोषण आहाराचे घेतले आहे. बचत गटाचा मासिक हिशेब, कृषी सेवा केंद्राचा खतसाठा, दूध संकलनाचे दहा दिवसांचे पत्रक यांनाही तीच रीत लागू पडते. एक सूचना आधीच देतो. फॉर्म्युले इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर फंक्शनचे नाव, ड्राइव्हचे अक्षर, सेलचा पत्ता, एक्सएलएसएक्स किंवा फाइलनेम यांसारखे शब्द आणि अंक इंग्रजीत टाइप करावेत. अवतरणचिन्हे, चौकटी कंस, उद्गारचिन्ह आणि ‘&’ हे चिन्ह मात्र जिथे आहे तिथेच, तसेच हवे.

आधी पत्ता नीट वाचू. दुसऱ्या फाइलमधल्या सेलचा पूर्ण पत्ता एक्सेल असा लिहिते :

='डी:\पोषण\[जून.एक्सएलएसएक्स]गोषवारा'!$एफ$५

याचे चार भाग आहेत. पहिला फोल्डर, दुसरा चौकटी कंसातले फाइलचे नाव, तिसरा शीटचे नाव आणि उद्गारचिन्हानंतर चौथा, सेल. फोल्डरपासून शीटपर्यंतचा भाग एकेरी अवतरणात असतो. नावात मोकळी जागा असेल तर हे अवतरण टाळताच येत नाही, म्हणून ते नेहमीच द्यावे. फाइलच्या नावाला शेवटी .एक्सएलएसएक्स हे शेपूट लागते. विंडोज बहुतेक संगणकांवर ते लपवून ठेवते, त्यामुळे पुष्कळांना ते नावाचा भाग आहे हेच ठाऊक नसते. जुन्या संगणकावरून आलेली फाइल .एक्सएलएस असू शकते आणि एका अक्षराच्या या फरकाने फॉर्म्युला फाइल शोधू शकत नाही. ज्या फाइलमधून आकडा आणायचा ती उघडी असेल, तर एक्सेल पत्त्यातला फोल्डरचा भाग दाखवत नाही. फाइल बंद केली की तो पुन्हा दिसू लागतो. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, पण त्यात बिघाड काही नाही.

आपल्याला या चारांपैकी एकच भाग बदलता ठेवायचा आहे : फाइलचे नाव. ते नाव सूत्राने तयार करता येईल असे असले पाहिजे, आणि निम्मे काम इथेच आहे. ‘जून पत्रक फायनल’, ‘जुलै पोषण नवीन’, ‘ऑगष्ट (१)’ अशी नावे दिली तर जगातला कोणताही फॉर्म्युला पुढचे नाव ओळखू शकणार नाही. शेवटचा तो कंसातला एक बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरून तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवल्यामुळे आलेला असतो.

मराठीत नावे देणाऱ्यांनी इथे जास्त जपायला हवे. महिन्यांची नावे आपण सगळे सारखी लिहीत नाही. सप्टेंबर आणि सप्टेम्बर, ऑक्टोबर आणि ऑक्टोंबर, फेब्रुवारी आणि फेब्रूवारी ही रूपे वाचणाऱ्याला सारखी वाटतात, संगणकाला ती वेगवेगळी असतात. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी पण आतून वेगळी अक्षरे. ‘दुसऱ्या सत्राचे पत्रक’ यातला ‘ऱ्या’ वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या प्रकारे उमटतो. पडद्यावर तोच दिसतो, पण आत साठवलेली चिन्हे निराळी असतात आणि तुलना फसते. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तर मुळात मराठी नसतोच. फाँट काढला की खाली रोमन अक्षरे उरतात. अशा सेलमधल्या शब्दावरून फाइलचे नाव बनवायला गेले, तर ती फाइल कधीच सापडत नाही. देवनागरी अंकांचेही तसेच आहे. आपण नावात मराठी २ लिहिला आणि फॉर्म्युल्याने इंग्रजी अंक तयार केला, तर जुळणी होत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की पत्रकाच्या आत सगळे मराठीत लिहा, युनिकोडमध्ये लिहा, पण फाइलचे नाव फक्त इंग्रजी अंकांत ठेवा. वर्ष आधी, महिना नंतर आणि महिना नेहमी दोन अंकी : २०२५-०७. अशा नावाच्या फाइली फोल्डरमध्ये आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. ०७ ऐवजी नुसता ७ लिहिला, तर पुढे फॉर्म्युल्याने बनवलेल्या दोन अंकी महिन्याशी नाव जुळत नाही.

नावाच्या पुढे शाळेची ओळख हवी. प्रत्येक शाळेने आपल्या फाइलला नुसते २०२५-०७ म्हटले, तर केंद्रप्रमुखांकडे एकाच नावाच्या अनेक फाइली जमा होतात, आणि एक्सेलमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली एकाच वेळी उघडता येत नाहीत. गावाचे नाव लिहावे तर पुन्हा स्पेलिंगचा प्रश्न : सुलतानपूर एकजण एक तऱ्हेने लिहितो, दुसरा दुसऱ्या. शाळेला ११ अंकी यूडायस कोड आहेच. तो २७ या महाराष्ट्राच्या अंकाने सुरू होतो, प्रत्येक शाळेचा वेगळा असतो आणि शिक्षकांना तोंडपाठ असतो. तेव्हा नाव असे ठरवावे : यूडायस कोड, आडवी रेघ, वर्ष, आडवी रेघ, महिना.

आता फॉर्म्युला. फाइलमध्ये पहिलेच शीट ‘माहिती’ नावाचे करा. त्यात बी१ या सेलमध्ये यूडायस कोड आणि बी२ मध्ये चालू महिन्याची पहिली तारीख टाका. तारीख टाइप करताना वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा : २०२५-०७-०१. आपल्या सवयीप्रमाणे १/७/२०२५ लिहिले आणि संगणकाची मांडणी अमेरिकन असली, तर ती १ जुलै न होता ७ जानेवारी होते. बी३ मध्ये मागच्या महिन्याच्या फाइलचे नाव तयार करू :

=बी१&"-"&टेक्स्ट(एडेट(बी२,-१),"वायवायवायवाय-एमएम")

एडेट हे फंक्शन तारीख एक महिना मागे नेते. टेक्स्ट त्या तारखेतून वर्षाचे चार आणि महिन्याचे दोन अंक काढते. त्यासाठी अवतरणात वाय हे इंग्रजी अक्षर चार वेळा, मग आडवी रेघ, मग एम दोन वेळा लिहायचे. जानेवारीतून एक महिना मागे गेले की मागच्या वर्षाचा डिसेंबर येतो, त्यामुळे वर्ष बदलताना वेगळे काही करावे लागत नाही. आता पोषणाच्या शीटवर, तांदळाच्या मागील शिल्लकीच्या सेलमध्ये हे लिहा :

=इनडायरेक्ट("'["&माहिती!बी३&".एक्सएलएसएक्स]गोषवारा'!एफ५")

इनडायरेक्ट हे फंक्शन मजकुराच्या रूपात जोडलेला पत्ता खरा पत्ता समजून वाचते. दुहेरी अवतरणातले तुकडे जसेच्या तसे राहतात, मधले नाव बी३ मधून येते. ऑगस्टमध्ये फाइल कॉपी करून बी२ मधली तारीख बदलली, की तांदळापासून मोहरीपर्यंत सगळ्या शिल्लकी आपोआप जुलैच्या फाइलकडे वळतात.

आकडे घालून तपासून पाहा. पहिली ते पाचवीत ४० मुले असतील तर मुलामागे १०० ग्रॅम प्रमाणे दिवसाला ४ किलो तांदूळ लागतो. सहावी ते आठवीत ३० मुले असतील तर १५० ग्रॅम प्रमाणे साडेचार किलो. सगळी मुले हजर धरली तर २२ दिवसांत ८८ आणि ९९ मिळून १८७ किलो. मागील शिल्लक १२० आणि ५० किलोच्या तीन गोण्या आल्या, तर एकूण २७० मधून १८७ वजा जाता ८३ किलो उरतात. पुढच्या फाइलमध्ये मागील शिल्लक म्हणून हे ८३ दिसले की जोडणी बरोबर झाली.

या पद्धतीची मर्यादा मोठी आहे आणि ती आधीच माहीत असावी. इनडायरेक्ट उघड्या फाइलमधूनच आकडा आणते. मागच्या महिन्याची फाइल बंद असेल तर सेलमध्ये ‘रेफ’ची चूक दिसते. आपण चुकलो असे समजून बरेच जण पूर्ण फॉर्म्युलाच पुसून टाकतात. तसे करू नका. मागची फाइल उघडा, आकडा येईल.

ही चूक झाकण्यासाठी इफएरर लावून त्यात शून्य टाकण्याची रीत मी अनेक पत्रकांत पाहिली आहे, आणि तिला माझा ठाम विरोध आहे. मागची फाइल बंद आहे एवढ्याच कारणाने मागील शिल्लक शून्य दिसू लागते. हे शून्य खऱ्या शून्यासारखेच दिसते, पुढच्या बेरजेत मिसळते आणि छापून वर जाते. शून्याच्या जागी शब्द टाका :

=इफएरर(इनडायरेक्ट(…),"मागची फाइल उघडा")

मग ज्या बेरजेत ही सेल अधिकच्या चिन्हाने जोडली आहे तिथेही चूक दिसते आणि अपुरे पत्रक छापले जात नाही. मात्र सम फंक्शन मजकूर वगळून बेरीज करते, त्यामुळे मागील शिल्लक आणि आवक यांची बेरीज सम वापरून करू नका. साधे अधिक चिन्ह वापरा.

दुसरी मर्यादा लोणारसारख्या विदर्भातल्या तालुक्यात पहिल्याच वर्षी समोर येते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मे महिना पूर्ण सुट्टीचा आणि जूनचाही बराचसा भाग सुट्टीतच जातो. जुलैची फाइल एक महिना मागे बघते आणि जूनची फाइल शोधते. ती कित्येकदा शाळेने बनवलेलीच नसते. यावर मला पटलेला उपाय असा : सुट्टीच्या महिन्याचीही फाइल बनवायची. आवक शून्य, खर्च शून्य, अखेर शिल्लक मागील शिल्लकीइतकीच. पाच मिनिटांचे काम आहे, साखळी अखंड राहते आणि सुट्टीत कोठीत किती तांदूळ होता याची लेखी नोंदही होते. उंदीर-किड्यांनी नासलेले धान्य सुट्टीनंतरच उघडकीला येते, तेव्हा ही नोंद कामाला येते.

फाइलचे नाव बदलले पण आतली तारीख बदलायची राहिली, असेही होते. त्यासाठी ‘माहिती’ शीटवर एक पहारेकरी सेल ठेवा :

=इफ(इजनंबर(फाइंड(बी१&"-"&टेक्स्ट(बी२,"वायवायवायवाय-एमएम"),सेल("फाइलनेम",ए१))),"ठीक","नाव आणि तारीख जुळत नाही")

सेल हे फंक्शन फाइलचे स्वतःचे नाव सांगते, पण फाइल एकदा जतन केल्यावरच. नवीन न जतन केलेल्या फाइलमध्ये ते रिकामे राहते.

आणि एक सूचना, रांगांबद्दल. इनडायरेक्टमध्ये लिहिलेला एफ५ हा मजकूर आहे. कुणी गोषवाऱ्यात तांदळाच्या वर एक नवी रांग घातली तर तांदूळ एफ६ वर सरकतो आणि फॉर्म्युला मात्र एफ५ च वाचत राहतो. त्यामुळे गोषवाऱ्याची रचना वर्षाच्या सुरुवातीला एकदा ठरवावी आणि शीट प्रोटेक्ट करून ठेवावे. नवी वस्तू आलीच तर तळाला घालावी.

इनडायरेक्ट नको असेल तर साध्या लिंकनेही काम भागते. फक्त दर महिन्याला लिंकचा मूळ स्रोत बदलावा लागतो, आणि ते एका ठिकाणाहून होते. ‘डेटा’ या टॅबमध्ये जुन्या एक्सेलमध्ये ‘एडिट लिंक्स’ आणि नव्यामध्ये ‘वर्कबुक लिंक्स’ असते. तिथे जुनी फाइल निवडून ‘चेंज सोर्स’ म्हणायचे आणि नवी फाइल दाखवायची. त्या फाइलकडे जाणारे सगळे फॉर्म्युले एका फटक्यात बदलतात, आणि मागची फाइल बंद असली तरी आकडे येतात. शाळेत पत्रक एकच व्यक्ती भरत असेल आणि ती हे विसरणार नसेल, तर ही पद्धत जास्त चांगली. विसरण्याची शक्यता असेल तर इनडायरेक्ट बरे, कारण ते काम अडवून धरते, चुकीचा आकडा देत नाही.

वर्षाअखेरीस बारा महिन्यांचा एकत्र तक्ता लागतो. तिथे बारा फाइली उघडून बसणे कुणालाच परवडत नाही. यासाठी एक युक्ती आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. नव्या फाइलमध्ये ए रकान्यात ए२ पासून खाली बारा फाइलींची नावे लिहा. बी२ मध्ये हे लिहा आणि खाली ओढा :

="='डी:\पोषण\["&ए२&".एक्सएलएसएक्स]गोषवारा'!$एफ$५"

बी रकान्यात आता बारा पत्ते मजकूर म्हणून दिसतील. ते कॉपी करून त्याच जागी ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा. मग कंट्रोल आणि एच दाबून ‘शोधा’मध्ये बरोबरचे चिन्ह, ‘बदला’मध्येही बरोबरचेच चिन्ह टाका आणि सगळे बदला म्हणा. बदल वरवर काहीच नसतो, पण त्या निमित्ताने एक्सेल प्रत्येक सेल नव्याने वाचते, मजकुराचा जिवंत फॉर्म्युला होतो आणि बंद फाइलींतून आकडे येतात. सेलचे फॉरमॅट ‘टेक्स्ट’ असेल तर असे होत नाही, ते आधी ‘जनरल’ करावे. एखादे नाव चुकले असेल तर एक्सेल फाइल कुठे आहे असे विचारणारी खिडकी उघडते. ती बंद करून नाव तपासावे. फोल्डरसह पूर्ण नाव २१८ अक्षरांपेक्षा लांब होऊ देऊ नका, एक्सेलला त्यापुढे चालत नाही. डेस्कटॉपवर फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर अशी रचना केली की ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

केंद्र किंवा तालुका पातळीवर प्रश्न वेगळा होतो. तिथे शाळा अनेक, महिने बारा, आणि कुठली फाइल कधी येईल याचा नेम नाही. तिथे फॉर्म्युल्यांच्या मागे लागूच नये. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ‘डेटा’ टॅबखाली ‘गेट डेटा’, त्यात ‘फ्रॉम फाइल’ आणि त्यात ‘फ्रॉम फोल्डर’ अशी सोय आहे. आलेल्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, तो फोल्डर दाखवायचा आणि ‘कम्बाइन’ म्हणायचे. एक्सेल प्रत्येक फाइलमधल्या त्याच नावाच्या शीटवरचा मजकूर एकाखाली एक लावते आणि पहिल्या रकान्यात तो कोणत्या फाइलमधून आला ते नाव देते. त्या नावाचे .एक्सएलएसएक्स हे शेपूट काढून आडव्या रेघेवर तुकडे केले, की यूडायस कोड, वर्ष आणि महिना असे तीन रकाने मिळतात. नावाच्या शिस्तीचे फळ इथे हातात पडते. नवी फाइल आली की ती फोल्डरमध्ये टाकून ‘रिफ्रेश ऑल’ दाबायचे. फाइल बंद आहे की उघडी, याने फरक पडत नाही. फक्त कुणी एखादी फाइल उघडी ठेवली असेल तर तिची ‘~$’ने सुरू होणारी तात्पुरती सावली-फाइल फोल्डरमध्ये दिसते. तशा नावांना गाळणी लावून वगळा. सर्व शाळांच्या फाइलींत शीटचे नाव आणि रकान्यांची शीर्षके एकच हवीत, म्हणून कोरा नमुना केंद्रावरूनच वाटावा.

पोषण आहारापेक्षा थोडे बाजूला जाऊन आणखी एका नोंदीबद्दल लिहायलाच हवे, कारण ती लोणारची आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले आपले सरोवर २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून त्याचे कारण क्षार आवडणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. पाण्याची पातळी खाली गेली, क्षार वाढले, की या जीवांचे फावते. म्हणजे सरोवराच्या रंगाचा धागा पावसापर्यंत जातो. गावात, शाळेत किंवा शेतात कुणी पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहीत असेल, तर त्याने त्या नोंदी महिन्याच्या फाइलींत नीट ठेवाव्यात. दहा-पंधरा वर्षांनी त्यांचे मोल कळते.

पावसाच्या फाइलीलाही त्याच पद्धतीचे नाव : पाऊस, आडवी रेघ, वर्ष, आडवी रेघ, महिना. ‘पाऊस’ हा शब्द तेवढा इंग्रजी अक्षरांत. हवामान खाते सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस मोजते आणि २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस पावसाळी दिवस मानते. असे दिवस मोजायला काउंटइफ वापरावेसे वाटते. पण काउंटइफ आणि समइफ ही दोन्ही फंक्शने बंद फाइलवर चालत नाहीत, ‘व्हॅल्यू’ची चूक देतात. त्यांच्या जागी समप्रॉडक्ट वापरा, ते बंद फाइलवरही चालते :

=समप्रॉडक्ट(--('डी:\पाऊस\[पाऊस-२०२५-०७.एक्सएलएसएक्स]रोज'!$बी$२:$बी$३२>=२.५))

हा पत्ताही वर सांगितलेल्या मजकुराच्या युक्तीने बारा महिन्यांसाठी तयार करता येतो. एक काळजी घ्या. ज्या दिवशी पाऊस नाही तिथे सरकारी सवयीने ‘निरंक’ लिहू नका, शून्य लिहा. एक्सेलच्या तुलनेत शब्द हा कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो, त्यामुळे प्रत्येक ‘निरंक’ पावसाळी दिवस म्हणून मोजला जाईल आणि कोरड्या महिन्यात सर्वाधिक पावसाळी दिवस दिसतील.

गुगल शीट्स वापरणाऱ्यांना नावाचा हा प्रश्न येतच नाही. तिथे इम्पोर्टरेंज हे फंक्शन फाइल तिच्या इंटरनेट पत्त्यावरून ओळखते, नावावरून ओळखत नाही. नाव कितीही वेळा बदला, जोडणी टिकते. मात्र फाइलची कॉपी केली की तिला नवा पत्ता मिळतो, म्हणून एका शीटवर महिना आणि त्या महिन्याच्या फाइलचा पत्ता अशी दोन रकान्यांची यादी ठेवावी आणि तिथून पत्ता उचलावा. पहिल्यांदा जोडताना ‘अलाउ अॅक्सेस’ विचारले जाते, ते दिल्याशिवाय आकडा येत नाही. नेट नसेल त्या दिवशी मात्र काम थांबते, म्हणून महिनाअखेरीस प्रत उतरवून ठेवणे बरे.

हे सगळे एकदम करायला जाऊ नका. चालू महिन्याच्या फाइलला ठरलेल्या पद्धतीचे नाव द्या आणि ‘माहिती’ शीट तयार करा. पुढच्या महिन्यात एकट्या तांदळाची शिल्लक फॉर्म्युल्याने आणा आणि ती कोठीतल्या प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहा. जुळली, की बाकीच्या वस्तू जोडा.

शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि पत्रकाची फाइल नव्या माणसाच्या हाती जाते. त्याला नावाची पद्धत माहीत नसेल तर तो आपल्या सवयीचे नाव देईल आणि साखळी पहिल्याच महिन्यात तुटेल. तेव्हा ‘माहिती’ शीटवर चार ओळी मराठीत लिहून ठेवा : फाइलचे नाव कसे द्यायचे, कोणती तारीख बदलायची, मागची फाइल आधी उघडायची आणि सुट्टीच्या महिन्याचीही फाइल बनवायची. हे या महिन्याचे पत्रक पाठवण्याआधीच करा.